देवाशी धरलेला अबोला

ज्या वर्षी माझी प्रार्थना बंद पडली, त्या वर्षी माझा एकही रविवार चुकला नाही. बाळांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्यातल्या धाकटीने मागच्या महिन्यात फोनवर विचारले, "आजी, तुझा विश्वास कधीच डळमळला नाही का गं?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. तिला कामावर जायची घाई होती, माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि ही गोष्ट शिट्ट्या मोजत सांगण्यासारखी नाही. आज दुपार निवांत आहे. तुमच्या आईवडिलांनाही यातले पुरते ठाऊक नाही. त्या दिवसांत ते आपापल्या संसारात होते आणि मी त्यांना पत्रातून "सर्व ठीक, प्रभू सांभाळतो" असेच कळवत असे. त्यातला पहिला अर्धा भाग वरवर खरा होता, दुसऱ्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

तुमच्या आजोबांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा ऐंशीचे दशक संपत आले होते. आम्ही जळगावात मेहरूणच्या बाजूला राहत होतो. ते सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचवले आणि पुढचे कितीतरी दिवस मी तिथल्या बाकावर काढले. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका आळीपाळीने माझ्याजवळ येऊन बसत. मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. प्रार्थना कशी सुरू करावी, आधी स्तुती, मग कबुली, मग मागणे, हे सगळे मला लहानपणापासून नीट शिकवलेले. पण त्या बाकावर ती बांधीव वाक्ये गळून पडली आणि "प्रभू, यांना ठेव" एवढेच उरले. तेच मी म्हणत राहिले. आणि ते वाचले. डॉक्टरांनीही मान हलवून सांगितले की असे फार थोड्यांचे होते.

घरी आणल्यावर आम्ही उपकारस्तुतीची उपासना ठेवली. अंगणात मांडव घातला, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली, सगळी मंडळी जेवायला बोलावली. आजोबांनी उभे राहून साक्ष दिली. मग मीही उभी राहिले. मला चारचौघांत भावना दाखवायची सवय नाही, पण त्या दिवशी मी सर्वांसमोर म्हणाले, की मी मागितले आणि परमेश्वराने दिले. सगळे "आमेन" म्हणाले. त्यानंतर महिनाही उलटला नाही. एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. मांडववाला अजून बांबू न्यायला आला नव्हता. तेच बांबू पुन्हा उभे करून लोकांनी अंत्यविधीसाठी सावली केली.

मरण मला कळत होते. माझे आईवडील गेले होते, एक बहीण लहानपणी गेली होती. ख्रिस्ती माणूस मरणाला घाबरत नाही असे मी वर्गातल्या मुलींना सांगत आले होते, आणि ते मला खरेच वाटत होते. मला कळेना ते हे, की न्यायचेच होते तर माझ्याकडून आभार कशाला मानून घेतले? सगळ्या गावासमोर मला उभे केले, बोलायला लावले, आणि मग ज्याबद्दल बोलले तेच काढून घेतले. मला शोक कमी आणि अपमान जास्त वाटत होता. दफनभूमीत मी रडले नाही. घरी येऊन मी भांडी जागेवर लावली, त्यांचे कपडे धुऊन इस्त्री केले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून शाळेत जाऊ लागले.

प्रार्थना एकदम थांबली नाही. पलंगाशी गुडघे टेकायची सवय होती, ती चालू राहिली. पण तोंड उघडले की शब्द समोरच्या भिंतीला लागून परत येत. पुढे पुढे मी नुसतीच गुडघ्यांवर बसू लागले आणि उठू लागले. मग एक दिवस बसणेही सोडले, आणि विशेष काही वाटले नाही, याचीच मला भीती वाटली. उपासनेला मात्र जात राहिले. घरी बसले असते तर लोक विचारायला आले असते, आणि विचारणारे मला नको होते. शिवाय माझ्याकडे एक काम होते, आणि माझ्याकडे सोपवलेले काम अर्धवट टाकणे मला जमत नाही.

ते काम प्रभूभोजनाच्या तयारीचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे प्रभूभोजन असते, ख्रिस्ताच्या आठवणीने सगळ्यांनी पाव आणि द्राक्षरस घ्यायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये द्राक्षरस बाटलीतून येतो. आमच्याकडे तो घरी करावा लागे. मी शुक्रवारी काळ्या मनुका निवडून भिजत घालायची, शनिवारी त्या त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, कुस्करायच्या, जुन्या धुवट मलमलीतून गाळायच्या. पावाच्या कडा काढून सारखे तुकडे करायचे. लहान काचेचे पेले कोमट पाण्यात धुऊन पुसायचे. हे सगळे मी वर्षानुवर्षे करत होते आणि आजोबा गेल्यावरही त्यात एका मनुकेचा फरक पडला नाही. फक्त रविवारी बायकांच्या बाजूला तबक फिरत माझ्या हाती आले, की मी त्यातले काही न घेता ते पुढे देत असे.

हे मी नीट विचार करून ठरवले होते. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या मेजावर जेवायचे कसे? ढोंग करण्यापेक्षा न घेणे बरे. माझ्या दृष्टीने हा माझा आणि त्याचा प्रश्न होता, त्यात तिसऱ्या कोणाचा संबंध नव्हता. पण लहान मंडळीत तिसरा कोणी नसतो असे कधी होत नाही. आमच्याकडे जुनी चाल अशी, की प्रभूभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची उपासना व्हायची. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, विचारायचे, कोणाच्या मनात कोणाबद्दल अढी आहे का? असेल तर त्याने त्या माणसाच्या घरी जाऊन मिटवून यायचे, आणि मगच तबकाला हात लावायचा. जावा-जावांची, शेजारणींची भांडणे तशी शनिवारी मिटत. त्यामुळे रविवारी कोणी तबक तसेच पुढे दिले, की सगळ्यांना एकच कळे: हिचे कोणाशी तरी बिनसले आहे. माझ्या बाबतीत तेच झाले, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दोन-तीन महिने गेल्यावर पाळकसाहेब घरी आले. ते वयाने माझ्याहून लहान होते आणि मला जरा भीत असत, कारण त्यांच्या मुलीला मी इंग्रजी शिकवत होते.

"सलाम बाई. सहजच आलो."

"सलाम. बसा. चहा करते."

चहा झाला. नशिराबादच्या रस्त्यावर किती खड्डे पडले आहेत ते झाले. पावसाचे झाले. मग ते कपाकडे बघत म्हणाले, "बाई, ते तबक... म्हणजे तब्येत वगैरे?"

"पित्त होतं," मी म्हणाले.

"पित्त."

"हो. आंबट-गोड काही चालत नाही."

त्यांनी मान डोलावली, प्रार्थना केली आणि गेले. तेवढ्या बोटभर पेल्याने कोणाला पित्त होत नाही हे त्यांना कळत होते, आणि त्यांना कळते हे मला कळत होते.

आता राहेलअक्काबद्दल सांगायला हवे. अक्का माझ्या शेजारी, बाकाच्या टोकाला बसत असे. सत्तरीच्या पुढची, मूळची नरडाण्याकडची, मुलाबरोबर जळगावात राहणारी. तिचा मुलगा यशवंत डाळमिलमध्ये कामाला होता. अक्का गाणे सुरात म्हणत नसे, पण सगळ्यांत मोठ्याने म्हणत असे, आणि एक ओळ संपली की उपासनेतच माझ्या कानाशी लागून कोणाची सून कशी वागते ते सांगत असे. तिची अहिराणी मला पुरती कळायची, पण मी उत्तर शुद्ध मराठीत द्यायची, म्हणजे बोलणे लांबत नसे. मला ती आवडत होती असे म्हणवत नाही. ती माझ्या शेजारी बसायची, एवढेच. मी तबक घेऊन काही न उचलता तिच्या हातात द्यायची आणि मांडीवरच्या रुमालाकडे बघत बसायची. ती काय करते ते मी कधी पाहिले नाही. पेले धुताना माझ्या पेल्याखेरीज आणखी एक भरलेला राहिलेला दिसे. कोणी गैरहजर असेल म्हणून मी तो निंबाच्या मुळाशी ओतून टाकत असे.

हिवाळा सरता सरता अक्का दिसेनाशी झाली. ताप उतरत नाही, पाय सुजले, म्हणून तिला धुळ्याला मुलीकडे नेले असे कळले. मी "अरेरे" म्हटले. खरे सांगायचे तर बाक थोडा शांत झाला म्हणून बरेही वाटले. मग एका शनिवारी, मनुका गॅसवर असताना, यशवंत दारात उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली, चप्पल बाहेर.

"बाई, रागावू नका. तुम्हाला धुळ्याला न्यायला आलोय."

"मला? का बरं? अक्का कशी आहे?"

"आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात घरीच ठेवा. तिकडचे पाळक दोनदा भोजन घेऊन आले घरी. दोन्ही वेळा परत पाठवलं."

"परत का पाठवलं?"

यशवंत टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "ती म्हणते, बाईंचा माझ्यावर राग आहे. बाई माझ्या शेजारी बसून माझ्यामुळं भोजन घेत नाहीत. मग मी कसं घेऊ? तिनं किती महिन्यांपासून घेतलेलं नाही, बाई. तुम्ही माफ केल्याशिवाय घेणार नाही म्हणते. आता तशीच गेली तर..."

मी गॅस बंद केला. मला आधी आश्चर्य वाटले आणि लगेच मागून संताप आला. मी कोणावरही रागावले नव्हते. मी एका कोपऱ्यात बसून, कोणाला त्रास न देता, माझा अविश्वास अगदी नीटनेटकेपणाने सांभाळत होते, आणि या म्हातारीने तो उचलून आपल्या डोक्यावर घेतला होता. निंबाच्या मुळाशी मी ओतत होते तो दुसरा पेला तिचा होता. आमच्यासारख्या लोकांत प्रभूभोजन न घेता मरणे म्हणजे काय, हे तुम्हाला तिकडे राहून कदाचित समजणार नाही. घरच्या माणसाचा निरोप न घेता निघून जावे, तसे ते असते. आणि ते माझ्यामुळे होणार होते. "साडी बदलून येते," मी म्हणाले. तयारी शेजारच्या बाईंकडे सोपवली, आणि आम्ही धुळ्याची एस.टी. धरली.

खिडकीशी बसून मी वाटेत बोलायची वाक्ये जुळवत होते. एरंडोल गेले, पारोळे गेले, वाक्ये जुळली नाहीत. सोपा मार्ग असा होता की जायचे, अक्काचा हात धरायचा आणि म्हणायचे, अक्का, मी तुम्हाला माफ केले. ती समाधानाने भोजन घेईल, यशवंत सुटेल, आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत येईन. माझा प्रश्न माझ्याकडे राहील. पण मी मुलींना आयुष्यभर खोटे बोलू नका म्हणून शिकवले होते, आणि मरणाच्या दारात असलेल्या बाईशी असले खोटे बोलायचे माझे धाडस होईना. आणि खरे बोलायचे तर काय बोलायचे? की अक्का, मीच देवाला सोडले आहे? तिच्या अशा वेळी? दोन्हीपैकी एकही जमण्यासारखे नव्हते. मी मनातल्या मनात चिडून म्हणाले, आता तूच सांग काय करू. म्हटल्यावर लक्षात आले, की कोणाला म्हणाले ते. कितीतरी महिन्यांनी ते "तू" तोंडात आले होते. पण ते मी तेव्हा तसेच सोडून दिले.

तिची मुलगी सुशीला दारातच होती. पाळकसाहेब सकाळी पुन्हा येऊन गेले, म्हणाली, आईने पुन्हा नाही म्हटले, आणि ते शिंदखेड्याकडच्या एका गावी उपासनेला निघून गेले, आता सोमवारी येतील. "सोमवारपर्यंत..." एवढे म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. आत खाटेवर अक्का अर्धवट बसलेली होती. अर्धी झाली होती. आवाज मात्र तोच.

"उनी का बाई? बठ. पहिले पानी पे."

मी बसले, पाणी प्यायले. मी काही बोलायच्या आत तिने सुरुवात केली. तिची सगळी कबुली तयार होती. उपकारस्तुतीच्या जेवणात माझी वांग्याची भाजी खारट झाली असे तिने तीन घरी सांगितले होते. माझ्या अंगणातली कढीलिंबाची फांदी न विचारता तोडली होती. मी इंग्रजी बोलते तेव्हा नाक वर करते, अशी माझी नक्कल ती सुनेला करून दाखवत असे. "करी दाखाडू का?" असेही तिने विचारले, आणि सुशीला मागून "आई!" म्हणाली. मग ती थांबली. शेवटचे तिला जड जात होते.

"आनि तुना मालक गया तव्हय तू रडनी नही. बाईनं काळीज दगडनं शे, आसं मी बठ्ठास्ले सांगं. ते तुना कानवर गयं व्हई. माले माफ कर बाई. म्हनजे माले भोजन लेता यी."

ती सगळ्यांना असे सांगत होती, हे माझ्या कानावर कधीच आले नव्हते. त्या क्षणी आले. ते लागलेही. पण राग आला नाही, कारण ते खरेच होते. काळीज दगडाचे झाले होते. मी सगळी जुळवलेली वाक्ये विसरले आणि म्हणाले, "अक्का, माझं तुमच्याशी काही भांडण नाही. कधीच नव्हतं."

"मंग कोना संगे शे?"

मी खाली बघितले. "देवाशी."

यशवंतने टोपी खाली ठेवली. मला वाटले, आता ती रडेल, किंवा छातीवर हात ठेवून "हे प्रभू" म्हणेल. अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. मग भयंकर चिडून म्हणाली, "आनि मी इतला दिन फुकटमा उपाशी ऱ्हायनू?"

सुशीलाला हसू आवरेना, यशवंत तोंड फिरवून हसू लागला, आणि मलाही इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आले. अक्का मात्र हसत नव्हती. तिला खरोखरच आपली फसवणूक झाल्यासारखे वाटत होते. श्वास लागेपर्यंत ती मला बोलली. तुम्हाला तिची बोली कळायची नाही, म्हणून सारांश सांगते. नवऱ्याशी ती जन्मभर भांडली होती. तांब्या फेकून मारला होता, आठ-आठ दिवस बोलली नव्हती. पण जेवायच्या वेळी ताटावर येऊन बसली नाही असे कधी झाले नाही. "तोंड वाकडं करी बठनू," ती म्हणाली, "पन बठनू." आणि मग, जरा शांत होऊन: "बाई, भांडण आपला घरमा व्हस. परका संगे कोन भांडस?"

भांडण आपल्या घरात होते, परक्याशी कोण भांडतो. मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, काही लिहूनही दिली आहेत. त्यांपैकी मला आता एकही आठवत नाही. मी त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून विचार करत होते, की मी देवाला सोडले असे मला वाटत होते, पण सोडलेल्याचा इतका राग कोण करत बसते? इतके महिने मी त्याच्याशिवाय कोणाचा विचारच केला नव्हता.

"आते बोल त्याना संगे," अक्का म्हणाली. "मना समोर बोल. तू खरं सांगस का नही ते माले देखनं शे."

मी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होते, त्याच्याकडे बघून म्हणाले, "मी तुझ्यावर रागावले आहे. तू सगळ्यांसमोर माझ्याकडून आभार मानून घेतलेस आणि मग त्यांना नेलेस. मला ते कळत नाही. कळेल असे वाटतही नाही. पण मला आता हा अबोला झेपत नाही." मी रडू लागले, आणि ते रडणे आजोबा गेले त्या दिवसापासूनचे होते, त्यामुळे ते लवकर संपले नाही. कोणी मला गप्प केले नाही. अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो तापाने गरम होता. बऱ्याच वेळाने ती समाधानाने म्हणाली, "आते मी बठ्ठास्ले सांगसू, बाई रडनी."

सुशीला चहा टाकायला उठली, तेवढ्यात दारात कोणीतरी घसा खाकरला. धुळ्याचे पाळकसाहेब होते, घामाघूम, खांद्याला पिशवी आणि हातात आजाऱ्यांकडे न्यायची प्रभूभोजनाची लाकडी पेटी. त्यांची एस.टी. शहराबाहेर पडता पडताच बंद पडली होती. दुसरी गाडी संध्याकाळी होती, आणि स्टँडवर बसण्यापेक्षा अक्काजवळ बसावे म्हणून ते परत आले होते. मी याबद्दल काही वाद घालणार नाही. त्या काळी एस.टी. बंद पडायला देवदूत लागत नसे. पण इतक्या गाड्यांमधून तीच, आणि त्याच दुपारी बंद पडली, एवढे मी पाहिले ते तुम्हाला सांगते.

"मिटलं का?" त्यांनी दबक्या आवाजात यशवंतला विचारले.

"मिटनं," अक्काच म्हणाली. "बस्तर टाका. भूक लागनी."

त्यांनी स्टुलावर पांढरे फडके घातले, पाव मोडला, पेला भरला आणि अक्कापुढे धरला. तिने हात मागे घेतला. "पहिले तिले." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना आमची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी काही विचारलेही नाही, पेला माझ्याकडे वळवला. मला अजून काहीच समजले नव्हते. आजोबा का गेले ते समजले नव्हते, राग पुरता गेला नव्हता, डोळे सुजले होते, तोंड वाकडेच होते. तशीच मी घेतले. प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. पाठीवर कितीतरी दिवस धरून ठेवलेले काहीतरी खाली ठेवावे तसे वाटले, आणि वाटले की आता बसावे, घाई नाही. मग अक्काने घेतले. पेला रिकामा करून तिने तो उलटा धरून पाहिला, थेंब राहिला नाही ना म्हणून.

संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी सहज मनात म्हणाले, पेरू चांगले दिसतात, घेऊ का? पूर्वी असे मी आजोबांना विचारायची, आणि त्याआधी, लहान असताना, देवाला. शिकलेल्या पायऱ्यांनी प्रार्थना मला पुन्हा फार दिवस जमली नाही. ती अशीच आली, बारीकसारीक सांगत, कधी तक्रार करत. काही दिवस पुन्हा कोरडे गेले. पण त्या कोरड्या दिवसांतही तबक माझ्या हाती आले की मी घेतले. आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना म्हणाले, "पित्त कमी झालं वाटतं, बाई," आणि मी "झालं" म्हणाले.

आणि अक्का? ती गेली नाही. डॉक्टरांना ते आवडले नसावे असे ती म्हणे. उन्हाळा सरताना सूज उतरली, आणि पावसाळ्यात ती काठी टेकत जळगावला परतली, पुन्हा बाकाच्या टोकाला, पुन्हा बेसूर. पुढे कितीतरी वर्षे ती माझ्या शेजारी बसली आणि मला वैताग देत राहिली. एकदा पायऱ्या उतरताना माझा दंड धरून तिने विचारले, "बाई, तो बोलना का मंग? तुना मालकले काब्र लई गया ते सांगं का त्यानी?" नवऱ्याला का नेले ते देवाने सांगितले का, असे ती विचारत होती.

"नाही सांगितलं अजून, अक्का."

"मंग बठी ऱ्हाय. तो बी म्हातारा झाया व्हई. धीरे धीरे बोलस."

बसून राहा, तोही म्हातारा झाला असेल, हळूहळू बोलतो. अक्का नंतर आपल्या अंथरुणात शांतपणे प्रभूत झोपी गेली, आणि तो मला अजूनही त्या प्रश्नाचे काही बोललेला नाही. पूर्वी मला वाटे की स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रश्न मिटणे. तसे नसते. प्रश्न घेऊन त्याच्या घरात राहता येते. आता गुडघे टेकवत नाहीत, म्हणून खुर्चीत बसून मी त्याला सकाळी जे असेल ते सांगते, आणि मग गप्प बसते. बाळांनो, तुमच्या वाट्याला तसे दिवस येऊ नयेत असे मी मागते, पण आले तर चांगले दिसण्याची वाट पाहू नका. वाकड्या तोंडाने बसलात तरी चालेल, उठून जाऊ नका. मी उठायला निघाले होते तेव्हा त्याने मला अडवले नाही, रागावलाही नाही. त्याने फक्त माझ्या शेजारी एक हट्टी म्हातारी उपाशी बसवून ठेवली, मी परत वळेपर्यंत. त्याबद्दल मी त्याचे आभार मानते, आणि आता ते मानताना मला भीती वाटत नाही.